‘एक्स्टेन्शन्स डीफॉल्ट ऑन असतात’ हे रीडमीत लिहावं का?

प्रश्न विचारणारे रत्नागिरीचे. चौघांची टीम जेटीवर लावायच्या फलकाचं सॉफ्टवेअर करते: पुढची भरती किती वाजता, सुकती किती वाजता, आत्ता पाणी किती. भरतीच्या गणिताचा गाभा सी भाषेत, फलकाचा भाग सी++ मध्ये, बिल्ड सीमेकवर (कंपायलरला कुठले फ्लॅग द्यायचे ते ठरवणारं साधन). ऑफिसातल्या पीसीवर उबुंटू २०.०४, फलकाच्या डब्यात रास्पबेरी पाय आणि त्यावर डेबियन १२ वर बेतलेली ६४ बिटी ओएस. रीडमीत (प्रकल्पासोबतच्या माहितीच्या फाइलीत) टीममधल्या जुन्या माणसाची एक ओळ होती, ‘कंपायलर एक्स्टेन्शन्स बाय डीफॉल्ट ऑन असतात,’ म्हणजे भाषेच्या प्रमाणाबाहेरच्या जादा सोयी कंपायलर आपणहून चालू ठेवतो. टीममधल्या नव्या मुलीने ती खोडून ‘ऑफ’ केली, कारण सीमेकच्या फाइलीत ‘सीमेक_सी_एक्स्टेन्शन्स’ ऑफ लिहिलेलं तिने बघितलं. त्यावरून वाद. दरम्यान पीसीवर बिल्ड सुरळीत होतं, पायवर मात्र ‘एम_पीआय’ (π चा स्थिरांक) सापडत नाही म्हणून अडतं. ऑफची ओळ काढून टाकली तर दोन्हीकडे बिल्ड होतं, पण मग पायवर भरतीच्या उंचीची चाचणी शेवटच्या आकड्यांत नापास होते. आणि पायवर सी++ च्या फाइली कंपाइल होताना स्टँडर्डचा, म्हणजे भाषेची कुठली प्रमाणित आवृत्ती ते सांगणारा, फ्लॅगच दिसत नाही, पीसीवर दिसतो. त्यांनी विचारलंय एवढंच: रीडमीत ऑन लिहू की ऑफ?

(फ्लॅग आणि व्हेरिएबलची नावं मी इथे उच्चारावरून देवनागरीत लिहिते आहे. फाइलीत अर्थातच मूळ स्पेलिंग.)

दोन्ही लिहू नका, हे माझं उत्तर. का ते सांगायला जरा लांबून यावं लागेल, कारण तुम्ही चार वेगळ्या तक्रारी म्हणून जे मांडलंत ते एकाच ठिकाणाहून आलेलं आहे. आणि तुमच्या टीममधले दोघंही खरं तेच सांगत होते, फक्त वेगवेगळ्या मालकाबद्दल.

‘डीफॉल्ट’ म्हटलं की आधी विचारायचं, कुणाचं? इथे तीन मालक आहेत. पहिला कंपायलर. जीसीसीला (तुमच्या दोन्ही मशीनवरच्या कंपायलरला) स्टँडर्डबद्दल काहीच सांगितलं नाही तर तो स्वतःचं एक धरून चालतो, आणि ते आवृत्तीनुसार बदलत आलंय. सी++ साठी जीसीसी ५ पर्यंत जीएनयू++९८, ६ ते १० मध्ये जीएनयू++१४, ११ ते १५ मध्ये जीएनयू++१७. सी साठी ५ पासून जीएनयू११, ८ पासून जीएनयू१७, १५ पासून जीएनयू२३. क्लँग हा दुसरा कंपायलर सी++ मध्ये ६ व्या आवृत्तीपासून जीएनयू++१४ वर होता, १६ पासून जीएनयू++१७ वर आला. नावात पुढे ‘जीएनयू’ असणं म्हणजेच एक्स्टेन्शन्स चालू. नुसतं सी१७ किंवा सी++१७ म्हटलं की स्ट्रिक्ट मोड. तेव्हा ‘ऑन असतात’ म्हणणारा जुना माणूस जीसीसी आणि क्लँगच्या बाबतीत बरोबर आहे. पण हा कंपायलरचा स्वभाव झाला, तुमच्या प्रकल्पाने काय ठरवलंय ते यातून कळत नाही.

दुसरा मालक सीमेक, आणि खरी गुंतागुंत इथेच आहे. टार्गेट (बिल्डमधून निघणारा प्रोग्राम किंवा लायब्ररी) तयार होताना त्याची एक्स्टेन्शन्सची प्रॉपर्टी ‘सीमेक_सी_एक्स्टेन्शन्स’ किंवा ‘सीमेक_सीएक्सएक्स_एक्स्टेन्शन्स’ या व्हेरिएबलमधून भरली जाते. व्हेरिएबल कुणी लिहिलेलंच नसेल तर काय धरायचं, याचा नियम सीमेक ३.२२ मध्ये बदलला. ही आवृत्ती २०२१ च्या नोव्हेंबरात आली. बदल ज्या पॉलिसीतून (सीमेकमधली जुना की नवा नियम हे निवडण्याची सोय) आला तिचा क्रमांक सीएमपी०१२८. जुना नियम असा: काही लिहिलं नसेल तर ऑन धरायचं, कंपायलरचा स्वभाव काहीही असो. ऑफ लिहिलं असेल तर ते मानायचं, पण फक्त स्टँडर्डही सोबत लिहिलेलं असेल तरच. नुसतं ऑफ लिहून स्टँडर्ड सोडून दिलं तर सीमेक काहीही न बोलता ते सोडून द्यायचा. नवा नियम असा: काही लिहिलं नसेल तर कंपायलरचं जे मूळ आहे तेच धरायचं. ते सीमेक स्वतः तपासून ‘सीमेक_सीएक्सएक्स_एक्स्टेन्शन्स_डीफॉल्ट’ या व्हेरिएबलमध्ये ठेवतो. ऑफ लिहिलं असेल तर स्टँडर्ड असो वा नसो, ते मानायचं. आणि तुम्ही मागितलेलं आणि कंपायलरचं मूळ एकच निघालं तर फ्लॅग द्यायचाच नाही.

यातला कुठला नियम लागू होणार हे मशीनवर कुठला सीमेक आहे एवढ्यावर ठरत नाही. फाइलीच्या पहिल्या ओळीत किमान आवृत्ती काय मागितली आहे त्यावरही ठरतं. तुम्ही पाठवलेल्या फाइलीत ‘३.१६...३.२५’ अशी मर्यादा आहे. उबुंटू २०.०४ मध्ये सीमेक ३.१६ येतो. त्याला ही पॉलिसी माहीतच नाही, म्हणून पीसीवर जुना नियम. डेबियन १२ मध्ये ३.२५ येतो, त्यामुळे पायवर नवा. एकच फाइल, दोन मशीनवर दोन कायदे.

तिसरा मालक तुम्ही. म्हणजे तुमच्या सीमेकच्या फाइली. तिथे तुम्ही सी++ साठी १७ लिहिलंत आणि एक्स्टेन्शन्सबद्दल गप्प राहिलात. सी साठी एक्स्टेन्शन्स ऑफ लिहिलंत आणि स्टँडर्डबद्दल गप्प राहिलात. ही अर्धी वाक्यं पूर्ण करायचं काम पीसीने एका प्रकारे केलं, पायने दुसऱ्या.

आता एकेक तक्रार घ्या. पीसीवर जीसीसी ९ आहे, त्याचं सी++ चं मूळ जीएनयू++१४. तुम्हाला १७ हवं, म्हणून जीएनयू++१७ चा फ्लॅग दिसतो. पायवर जीसीसी १२, त्याचं मूळच जीएनयू++१७, नव्या नियमाने फ्लॅग गाळला. बिघडलं काहीच नाही. सी च्या बाबतीत पीसीवर स्टँडर्ड नसल्यामुळे ऑफ वाऱ्यावर गेलं आणि कोड जीएनयू१७ मध्ये कंपाइल झाला. पायवर ऑफ मानलं गेलं, सी१७ चा स्ट्रिक्ट फ्लॅग आला आणि ‘एम_पीआय’ नाहीसा झाला. म्हणजे फाइलीत ऑफ लिहिलेलं असूनही तुमचा पीसी ते कधीच पाळत नव्हता. मुलीने वाचलेलं आणि जुन्या माणसाने अनुभवलेलं, दोन्ही खरं.

‘एम_पीआय’चं थोडं अधिक सांगते, कारण हे सगळ्यांना कधी ना कधी चावतं. हा स्थिरांक सी च्या प्रमाणित भाषेत नाही, सी++ च्याही नाही. तो युनिक्सच्या बाजूने आलेला आहे. स्ट्रिक्ट मोडमध्ये जीसीसी ‘स्ट्रिक्ट_आन्सी’ नावाचा मॅक्रो उभा करतो, तो बघून जीलिबसीची (लिनक्सवरच्या सी लायब्ररीची) हेडर फाइल प्रमाणाबाहेरचं सगळं झाकून ठेवते. सी++ मध्ये मात्र लिनक्सवरचा जीसीसी ‘जीएनयू_सोर्स’ हा मॅक्रो आपणहून देतो, स्ट्रिक्ट मोडमध्येसुद्धा. त्यामुळे तीच ओळ सी++ च्या फाइलीत चालते आणि सी च्या फाइलीत अडते. विंडोजवर व्हिज्युअल सी++ मध्ये तर ‘यूज_मॅथ_डिफाइन्स’ आधी लिहावं लागतं. अंशाचे रेडियन करण्यापुरता π हवा असेल तर स्वतःचा एक स्थिरांक लिहा आणि मोकळे व्हा. त्यासाठी अख्खा गाभा जीएनयू मोडमध्ये नेऊ नका.

चौथी तक्रार तुम्ही जाता जाता लिहिलीत, पण मला तीच जास्त महत्त्वाची वाटते. ऑफची ओळ काढल्यावर पायवरचे आकडे पीसीशी का जुळेनात? भरतीची उंची काढताना तुम्ही प्रत्येक घटकाची लहर मोजून बेरीज करता. चंद्राचा मुख्य घटक एम२, ताशी २८.९८४ अंशांनी फिरणारा, म्हणजे साधारण १२.४२ तासांचा फेरा. मग सूर्याचा एस२, दिवसाचे के१ आणि ओ१, असे पुढे. आतल्या लूपमध्ये वेग गुणिले वेळ वजा कला, त्याची कोसाइन, गुणिले आयाम, अधिक आधीची बेरीज. गुणाकार आणि लगेच बेरीज-वजाबाकी, हे दोनदा. ६४ बिटी एआरएम प्रोसेसरकडे गुणाकार-बेरीज एका फटक्यात, मध्ये राउंडिंग न करता उरकणारी सूचना मुळातच असते. साध्या ६४ बिटी इंटेल-एएमडी बिल्डमध्ये ती वापरली जात नाही, वेगळं सांगावं लागतं. आणि जीसीसीचा सी साठीचा नियम असा आहे: जीएनयू मोडमध्ये अशी जुळवाजुळव करायला मोकळीक, स्ट्रिक्ट मोडमध्ये बंद. तुम्ही ऑफ काढलंत तेव्हा पायवरच्या कंपायलरला ती मोकळीक मिळाली. उत्तर चुकलं नाही, उलट एक राउंडिंग कमी झालं. पण पंधराव्या आकड्यापर्यंत मजकूर जुळवणारी चाचणी नापास होणारच.

इथे दोन गोष्टी वेगळ्या करा. चाचणी तशी असूच नये. जेटीवर पाणी सेंटिमीटरात दाखवायचं आणि तुलना मीटरच्या अब्जांश भागापुढे करायची, याला अर्थ नाही. दोन्हीकडची गणिताची लायब्ररीही वेगळ्या आवृत्तीची आहे, कोसाइनचा शेवटचा बिट जुळेलच याची हमी कुणी दिलेली नाही. मिलिमीटरची मुभा ठेवा. आणि कुठल्या कारणाने हुबेहूब आकडे हवेच असतील तर ‘एफपी-कॉन्ट्रॅक्ट’ ऑफ हा फ्लॅग स्वतंत्र, उघडपणे द्या. स्ट्रिक्ट मोडचा साइड इफेक्ट म्हणून तो आपोआप मिळतोय यावर विसंबू नका. उद्या कुणी क्लँग वापरला तर तिथे हा नियम मोडशी बांधलेला नाही.

आणखी एक सापळा तुमच्या प्रश्नात नाही पण तुमच्या कोडमध्ये आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते. तुम्ही बंदराचं नाव कॉन्फिग फाइलीतून उचलायला ‘स्ट्रडप’ (मजकुराची प्रत काढणारं फंक्शन) वापरलंय. स्ट्रिक्ट सी११ किंवा सी१७ मध्ये हेडर त्याची घोषणा झाकते. जीसीसी १३ पर्यंत यावर फक्त वॉर्निंग यायची आणि कंपायलर धरून चालायचा की हे फंक्शन इंट परत देतं. ६४ बिटी मशीनवर पत्ता अर्धा कापला जातो आणि प्रोग्राम भलत्याच ठिकाणी कोसळतो. जीसीसी १४ पासून ही सरळ एरर झाली, बरंच झालं. पण तुमच्या दोन्ही मशीनवर अजून वॉर्निंगच येणार. यावर उपाय म्हणजे ‘पॉझिक्स_सी_सोर्स’ला २००८०९ ही किंमत टार्गेटवर देणं. मग स्ट्रिक्ट मोडमध्येही पॉझिक्सची (युनिक्सच्या प्रमाणातली) फंक्शन्स उघडी राहतात. याचाच भाऊबंद: सीमेकची ‘हे फंक्शन आहे का’ ही तपासणी कुठल्या मोडमध्ये चालते? किमान आवृत्ती ३.८ च्या खाली मागितली असेल तर ती तुमचं स्टँडर्ड बघत नाही, कंपायलरच्या मूळ मोडमध्ये चालते. म्हणजे तपासणी म्हणते ‘आहे’ आणि खऱ्या बिल्डमध्ये ते नसतं. तुमची मागणी ३.१६ पासून आहे, तुम्हाला ही अडचण नाही. पण बाहेरच्या जुन्या लायब्ररी आत घेता तेव्हा त्यांच्या पहिल्या ओळीकडे एकदा बघत जा.

एवढं झाल्यावर ऑन की ऑफ? हे परिस्थितीवर आहे, आणि कुणी सरसकट एकच उत्तर देत असेल तर त्याने तुमचा कोड बघितलेला नाही. कोड एकाच कंपायलरवर, एकाच तऱ्हेच्या मशीनवर चालणार असेल आणि त्यात टाइपऑफ, इनलाइन असेम्ब्ली असल्या गोष्टी मोकळेपणाने वापरल्या असतील तर ऑन ठेवण्यात काही कमीपणा नाही. लिनक्स कर्नलसुद्धा जीएनयू मोडमध्येच बिल्ड होतो. कोड दुसऱ्याच्या हातात जाणार असेल, विंडोजवर किंवा दुसऱ्या कंपायलरवर न्यायचा असेल, तर ऑफ ठेवा, म्हणजे प्रमाणाबाहेर पाय पडला की लगेच कळतं. मी स्वतः चिपळूणला बसून बोटींवरच्या आणि बंदरांवरच्या छोट्या यंत्रांचे बिल्ड सांभाळते. तिथे माझी वाटणी ठरलेली आहे: गणिताचा, फाइल वाचण्याचा भाग ऑफ, हार्डवेअरला हात लावणारा भाग ऑन. तुमच्याही बाबतीत मी हेच करीन. गाभा सी११, ऑफ. फलकाचा सी++ भाग १७, ऑन, कारण पायच्या पिना हाताळायला तुम्ही घेतलेल्या लायब्ररीच्या हेडरमध्ये टाइपऑफ आहे आणि ती काही तुम्ही बदलणार नाही.

फाइलीत लिहिताना तिन्ही गोष्टी एकत्र लिहा: स्टँडर्ड, ते सक्तीचं आहे हे, आणि एक्स्टेन्शन्स. सक्तीचं नाही लिहिलं तर जुना कंपायलर भेटल्यावर सीमेक निमूटपणे खालच्या स्टँडर्डवर उतरतो. तिन्ही लिहिल्या की पॉलिसी जुनी लागली काय नि नवी लागली काय, कोड त्याच मोडमध्ये कंपाइल होतो. फरक राहिला तर फ्लॅग दिसतो की गाळला जातो एवढाच. सी आणि सी++ ची व्हेरिएबलं वेगळी आहेत हेही लक्षात असू द्या. सी++ चं ऑफ करून ‘आमच्याकडे एक्स्टेन्शन्स बंद’ असं म्हणणारे बरेच भेटतात.

आता मूळ प्रश्न, रीडमी. तुम्ही भरतीचं काम करता, म्हणून तुम्हाला हे पटकन कळेल: ‘खाडीच्या तोंडाशी पाणी २ मीटर’ या वाक्याला तांडेल विचारणार, कुठून मोजलेलं? चार्ट डेटमपासून की सरासरी समुद्रसपाटीपासून? ते नसेल तर आकडा असून नसल्यासारखा, आणि विश्वास ठेवलात तर बोट वाळूच्या दांड्यावर. ‘एक्स्टेन्शन्स डीफॉल्ट ऑन’ हे तसलंच वाक्य आहे. कुठला कंपायलर, कुठली आवृत्ती, कुठला सीमेक, कुठली पॉलिसी, यातलं काहीच त्यात नाही. म्हणून दुसऱ्याचं डीफॉल्ट रीडमीत उतरवून घेण्याच्या भानगडीत मी पडत नाही. कंपायलरचं डीफॉल्ट कंपायलरच्या मॅन्युअलमध्ये असतं, ते बदललं की मॅन्युअल बदलतं, तुमची रीडमी बदलायला कुणी येत नाही. आवृत्त्यांचे तक्ते तर अजिबात नकोत. मी वर दिलेत ते तुम्हाला कारण समजावं म्हणून. ते चिकटवू नका.

रीडमीत तुमचा निर्णय लिहा, तो कुठे लिहिलाय ते सांगा आणि का घेतला ते सांगा. मी तुमच्यासाठी असं लिहीन:

‘भरतीचा गाभा सी११ मध्ये, एक्स्टेन्शन्सशिवाय बिल्ड होतो. हे गाभ्याच्या सीमेक फाइलीत टार्गेटवर लिहिलेलं आहे आणि बाहेरून बदलता येत नाही. कारण हाच गाभा पुढे विंडोजवर न्यायचा आहे. पॉझिक्सची फंक्शन्स लागतात म्हणून पॉझिक्सचा मॅक्रो टार्गेटवर दिला आहे. फलकाचा भाग सी++१७ मध्ये, एक्स्टेन्शन्ससह बिल्ड होतो, कारण पिनांच्या लायब्ररीला त्या लागतात. सीमेकची नवी पॉलिसी लागू असेल आणि कंपायलरचं मूळ हेच असेल तर फलकाच्या भागात स्टँडर्डचा फ्लॅग दिसणार नाही, ते अपेक्षितच आहे. जीसीसी ९ आणि जीसीसी १२ वर तपासलं.’

बास. यात ‘डीफॉल्ट’ हा शब्द एकदाही आलेला नाही बघा, आणि तरी वाचणाऱ्याला लागणारं सगळं आलं. ‘बाहेरून बदलता येत नाही’ हे वाक्य मी मुद्दाम घातलं. तुमचं पॅकेज दुसरा कुणी बिल्ड करणार असेल तर त्याला पहिला प्रश्न हाच पडतो: मी कमांड लाइनवरून ऑन दिलं तर ते चालेल का? फाइलीत साध्या ‘सेट’ने व्हेरिएबल लिहिलंत तर त्याने दिलेली किंमत झाकली जाते आणि त्याला कळतही नाही. बदलू द्यायचं असेल तर ‘आधी कुणी दिलेलं नसेल तरच’ अशी अट घालून लिहा आणि रीडमीत तसं सांगा. नसेल बदलू द्यायचं तर तेही सांगा. दोन्ही चालतं, पण मूग गिळून बसणं चालत नाही.

तपासायचं कसं, हे रीडमीत दोन ओळींत असावं, कारण फ्लॅग न दिसणं म्हणजे एक्स्टेन्शन्स ऑफ असा अर्थ लोक काढतात आणि तो नेमका उलटा आहे. खात्रीचा मार्ग म्हणजे कंपायलरलाच विचारणं. त्याच फ्लॅगनिशी त्याचे आधीपासून ठरलेले मॅक्रो छापून घ्या आणि त्यात ‘स्ट्रिक्ट_आन्सी’ आहे का बघा. असेल तर स्ट्रिक्ट, नसेल तर जीएनयू. ‘सीप्लसप्लस’ मॅक्रोची किंमत बघून हे कळत नाही. सी++१७ आणि जीएनयू++१७ दोन्हीत ती २०१७०३ च असते. याच छापील यादीत, जीएनयू मोडमध्ये, ‘लिनक्स’ आणि ‘युनिक्स’ हे छोट्या अक्षरांतले साधे शब्दसुद्धा १ म्हणून आलेले दिसतील. कुणी व्हेरिएबलला ‘लिनक्स’ नाव दिलं की येणाऱ्या अगम्य एररचा उगम तो. शिवाय कॉन्फिगर करताना सीमेककडून एक ओळ छापून घ्या: स्टँडर्ड अमुक, एक्स्टेन्शन्स अमुक, कंपायलरचं मूळ अमुक. ही ओळ रीडमीपेक्षा खरी, कारण ती त्या मशीनवर, त्या क्षणी छापली जाते. हर्णैच्या फलकावर काही बिनसलं आणि तिथल्या माणसाने फोनवरून स्क्रीनचा फोटो पाठवला तर त्या फोटोत तुम्हाला हीच ओळ हवी असते.

अजून एक गोष्ट डॉक्युमेंटेशनमध्ये हमखास निसटते. तुमचा गाभा ऑफ आहे म्हणून त्याला जोडणारा प्रोग्राम ऑफ होत नाही. ‘सीएक्सएक्स_एसटीडी_१७’ सारखं फीचर पब्लिक म्हणून लिहिलं तर ते वापरणाऱ्या टार्गेटपर्यंत पोचतं, एक्स्टेन्शन्सची प्रॉपर्टी पोचत नाही. ती ज्या त्या टार्गेटपुरती. म्हणजे तुमच्या हेडर फाइली दोन्ही मोडमध्ये कंपाइल व्हायला हव्यात, आणि तसं रीडमीत म्हणायचं असेल तर दोन्ही मोडमध्ये खरोखर बिल्ड करून बघायला हवं. फरक वरवरचा नसतो. जीसीसी १२ च्या सी++ लायब्ररीला १२८ बिटी पूर्णांक हा ‘इंटिग्रल’ आहे का असं विचारलं तर जीएनयू मोडमध्ये हो म्हणते, स्ट्रिक्टमध्ये नाही. टेम्प्लेट असलेलं हेडर त्यावर वेगळ्या वाटेला जाऊ शकतं. उलट बाजूने, सगळ्यात वरच्या फाइलीत ऑफ लिहून मग बाहेरच्या लायब्ररी आत घेतल्यात तर त्यांच्या टार्गेटांनाही ते ऑफ लागतं आणि तुमच्या पिनांच्या लायब्ररीसारखी एखादी मोडते. मी म्हणूनच व्हेरिएबलऐवजी टार्गेटवर लिहिते. व्हेरिएबलच वापरायचं तर टार्गेट तयार होण्याआधी लिहा. नंतर लिहिलेलं वाया जातं.

विंडोजबद्दल थोडक्यात. व्हिज्युअल सी++ वर सीमेकची ही प्रॉपर्टी काहीच करत नाही. तिथे जवळचा पर्याय ‘परमिसिव्ह’ बंद करण्याचा फ्लॅग, तो सी++२० मागितलं की आपोआप लागतो, त्याच्या खाली स्वतः द्यावा लागतो. रीडमीत ‘विंडोजवर वेगळं’ एवढंच न लिहिता हा फ्लॅग नावानिशी लिहा. मेसॉनवर (सीमेकसारख्याच दुसऱ्या साधनावर) गेलात तर तिथे स्टँडर्डच्या किमतीतच जीएनयू++१७ की सी++१७ हे निवडावं लागतं, आणि काही न लिहिल्यास कंपायलरचं मूळ. वाद घालायला जागाच कमी.

राहता राहिलं ते कधी करायचं. चालू हंगामात जेटीवरच्या फलकाचा मोड बदलू नका. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, तेव्हा डबे दुरुस्तीला उतरवताच, त्याच वेळी गाभा ऑफवर न्या आणि जुन्या-नव्या आकड्यांची उधाणाच्या आणि भांगाच्या (मोठ्या आणि लहान भरतीच्या) दिवसांवर तुलना करा. तोवर ऑफची अर्धी ओळ काढलेलीच राहू द्या आणि चाचणीची मुभा मिलिमीटरवर आणा. पीसीवरच्या उबुंटू २०.०४ ला मोफत अपडेट मिळणं बंद झालंय, तो बदलाल तेव्हा २२.०४ घेतलात तर सीमेक ३.२२ आणि जीसीसी ११ मिळेल आणि तुमच्या याच फाइलीतून पीसीवरचाही सी++ चा फ्लॅग नाहीसा होईल. घाबरू नका. त्या दिवशी पहिल्या ओळीतली मर्यादा काढून किमान आवृत्ती सरळ ३.२२ करा, आणि रीडमीतलं ‘जीसीसी ९ वर तपासलं’ त्याच कमिटमध्ये काढून ‘जीसीसी ११ वर तपासलं’ असं लिहा, अर्थात खरोखर तपासल्यावर.